मांडणी बरोबर, विधान चूक

मनोरी
रविवार, १४ एप्रिल १९८५

प्रिय हेन्रीदादा,

सप्रेम नमस्कार. इकडे देवाच्या दयेने सगळं ठीक. ल्युसीवहिनीने पाठवलेली ईस्टरची मार्झिपॅनची अंडी पोचली. शेजारपाजारी वाटली, थोडी लपवूनही ठेवली.

तुझं पत्र मिळालं. आई गेल्यापासून मी गावात एकटी राहते ते आता पुरे, जूनपासून कायमची गोरेगावला तुमच्याकडे ये, असं तू लिहिलंस. तुझी माया कळते रे. पण अकरावी-बारावीच्या पोरांना तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बहिणीला चार पानं भरून कारणं लिहिलीस, तर ती लाल पेन घेऊन बसणारच ना?

मावशी विहिरीवर घसरली, मागच्या आळीतल्या आजीकडे चोरी झाली, म्हणून एकटीने राहणं धोक्याचं. याला विगमन म्हणतात, उदाहरणांवरून नियम काढणं. पण दोनच उदाहरणं? चोरी तर तुमच्या भरल्या बिल्डिंगमध्येही झाली.

आणि एकटेपणामुळे मी वाळले म्हणे. अरे, दाढ काढली होती, पेजेवर होते. आधी आई गेली, मग मी वाळले, एवढ्यावरून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही.

'एकटं माणूस म्हणजे एका वल्ह्याची होडी' ही तुलना मात्र झकास. वर्गात वापरीन. फक्त मनोरीच्या होड्यांना आता इंजिनं आहेत.

राहिलं तुझं निगमन, म्हणजे नियमावरून निष्कर्ष काढणं. जिला घरात कुणी नाही तिने भावाकडे राहावं. ज्युलियाला घरात कुणी नाही. म्हणून तिने भावाकडे राहावं. मांडणीला पूर्ण मार्क. पण दुसरं विधान बारा मेपासून खोटं ठरणार आहे.

मी लग्न करतेय, दादा. रेमंडशी.

हो, तोच लाँचवाला. गावच्या फायनलमध्ये रेफरी असताना त्याने तुझा गोल नाकारला, तेव्हापासून तू त्याच्याशी बोलत नाहीस. एका शिटीवरून माणूस जन्माचा लबाड ठरवलास, तेही विगमनच. म्हणूनच तुला सांगायचं टाळत होते. पण पुढच्या रविवारी फादर चर्चमध्ये लग्न जाहीर करायला आमची नावं वाचतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

कारण विचारशील. वर्गात मी सांगते, आधी कारणं, मग निष्कर्ष. इथे निष्कर्ष आधी आला. मला कॉलेजहून यायला उशीर झाला, तर तो खाडीपलीकडे मार्वेच्या धक्क्याला लाँच थांबवून ठेवतो आणि बाकी उतारूंच्या शिव्या हसत खातो. एवढंच. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला संध्याकाळ कधी होते असं होतं. मी फार सुखात आहे.

शेजारणी नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून उंबराचं पाणी वाजतगाजत आणायचं म्हणतात. या वयात लाज वाटते, पण नको म्हणवत नाही.

पप्पा नाहीत. चर्चच्या दारापासून आत मला तुझा हात धरून जायचंय. तू का यावंस याला माझ्याकडे एकही युक्तिवाद नाही. नाही आलास तरी लग्न होईल, मी एकटी चालत जाईन.

पण ये रे, दादा.

तुझीच धाकटी,
ज्युलिया