आयरिश फौजदाराची भावकी

प्रिय अहो,

चौदा तारखेला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आपल्या सोसायटीच्या वाचनालयातले तुमच्या त्या इंग्रजी रहस्यमालिकेचे एकोणीसही भाग सुतळीने बांधून जिन्याखाली ठेवले गेले. रद्दीवाला बारा वाजता येणार होता. म्हणून हे पत्र. तुम्ही गेल्याला दीड वर्ष झालं, तेवढ्या काळात मी तुम्हाला एकदाही त्रास दिला नाही, हे लक्षात असू द्या.

मी सेक्रेटरींना विचारलं, "हे काय चाललंय?"

"काकू, खराब पुस्तकं आहेत. प्रत्येकात पहिल्याच पानावर पेन्सिलीने गिरगटलंय. कमिटीत ठरलंय, खराब ती काढायची."

"गिरगटलंय? तो वंशवृक्ष आहे."

"कोणाचा?"

"आयर्लंडमधल्या एका गावाचा."

मी सकाळच्या गोळ्या विसरले असेन, अशा नजरेने ते माझ्याकडे बघत राहिले.

त्यांना काय सांगणार? एकच बंदरगाव, एकच फौजदार, आणि खून करणारे, मरणारे सगळे एकमेकांचे चुलत-मावस. नावंही तीच तीच, आजोबाचं नातवाला. दुसऱ्या भागात मी एकदा वैतागून पुस्तक मिटलंही होतं. तुम्ही मात्र एमआयडीसीतली पहिली पाळी करून यायचात, चहा घ्यायचात आणि कोऱ्या पानावर रेघा ओढायला बसायचात. कोण कोणाचा भाऊ, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचं कोणाशी बोलणं बंद. गुहागरची भावकी बघत वाढलेल्या माणसाला ते गाव परकं वाटलंच नाही.

मी कॉन्व्हेंटची. विषाची बाटली, कुलूप, घड्याळ बघत बसायचे आणि दर वेळी चुकायचे. तुम्ही शंभराव्या पानाच्या आत खुनी सांगायचात. "अगं, मयताला सगळं गाव आत गेलं, हा एकटा कुंपणाबाहेर. बांधाचं भांडण असणार." आणि असायचं! जिल्हा परिषदेच्या शाळेतला माणूस चाळिशीत मांडीवर डिक्शनरी घेऊन इंग्रजी वाचायला लागतो आणि मला हरवतो. राग येणार नाही का?

तरी खुनी कोण, याचं तुम्हाला फारसं पडलेलं नव्हतं. पहिल्याच भागात त्या फौजदाराने मावसभावाला अटक केली आणि फौजदाराच्या आईने लेकाशी बोलणं टाकलं. ती रोज जेवायला वाढते, पण बोलत नाही. नवा भाग मी आधी संपवायचे, तेव्हा तुमचा एकच प्रश्न, "म्हातारी बोलली का गं?" खून चारशे पानांत उलगडतो. घरातला अबोला वर्षानुवर्षं चालतो, माणसं त्यातच म्हातारी होतात. त्यासाठी आपण दोघं पुढच्या भागाची वाट बघायचो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. ठाण्याला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने विचारलं होतं, "मिस्टर इंग्लिश वाचतात?" मी म्हटलं, "शिकतायत हळूहळू." तुम्ही बशीत चहा ओतत होतात. थांबलात, मग प्यायलात. "माझ्यापेक्षा चांगलं वाचतात," असं मी म्हणायला हवं होतं. आज म्हणते. उशीर झाला, पण खोटं नाही.

आणि मला न विचारता सगळे भाग वाचनालयाला देऊन टाकलेत, ते कसं?

पण थांबा. सी विंगमधली स्नेहल, कल्याणच्या मराठी शाळेत शिकवते ती, जिन्यावरून धावत आली. "काकू, सातवा भाग काढा आधी. काकांच्या रेघांशिवाय मला कोण कुणाचं तेच कळत नाही."

"मॅडम, ठराव झालाय," सेक्रेटरी म्हणाले.

"मग मलाही रद्दीत घाला," म्हणून मी गठ्ठ्यावर बसले. गुडघे दुखत होते, तरी बसले. रद्दीवाला आला, बघून हसला आणि गेला.

गठ्ठा सध्या आपल्या हॉलमध्ये आहे. पण ती पुस्तकं लोकांसाठी दिली होतीत, ती वाचनालयाच्या कपाटातच जायला हवीत. जातील, हा माझा शब्द. विसावा भाग आलाय, त्यात दोन नव्या सुना आहेत. त्याचा वंशवृक्ष मी काढीन, आणि पेन्सिलीनेच काढीन.

नोटीस बोर्डावर माझा अर्ज लावलाय, मराठीत आणि इंग्रजीत. शेवट तुमच्यासाठी उतरवते: "सदर रेघा ही खराबी नसून कै. वाचकाने केलेले काम आहे. ठराव रद्द केल्याचे लेखी उत्तर येत्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मिळावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही."

तुमची,
माधवी