कोफ्त्यांचा डबा

खटकचिंचोळी,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

लाडके शिवकन्ये,

तुला आणि तुझ्या पोटातल्या पाहुण्याला आईचे भरभरून आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुरी घरात आल्या, काळ्या गाईला कालवड झाली. तुझ्या सासूबाईंना, सिद्धम्माअक्कांना, माझा नमस्कार सांग.

हातात फोन असताना आई चिठ्ठी कामून लिहायली म्हणून हसशील. हस. फोनवर तू आधी "अप्पाला दे" म्हणतेस. अप्पा शेतात गेलेत, अप्पा झोपलेत, अप्पांची दाढ दुखतेय, असं सांगून सांगून आता माझीच दाढ दुखायला लागली आहे.

तर डबा जावईबापूंच्या हाती देते आहे. तुझे डोहाळे ऐकून मला आधी रागच आला. नांदतेस लिंगायताच्या घरात आणि डोहाळे खिम्याच्या कोफ्त्यांचे! विहीणबाईंना कुठल्या तोंडाने सांगावं या काळजीत मी होते, तर त्यांचाच फोन आला. "अक्का, आमच्या चुलीवर ते चढायचं न्हाई. पण पोरीचे डोहाळे मोडले तर लेकराचे कान फुटतेत. तुमी करून धाडा, मी गच्चीवर बसून खाऊ घालते. नवं ताट आणलंय तिच्यासाठी." अशी सासू मिळायला पुण्य लागतं, बाई. त्यांना उलटून बोलत जाऊ नकोस.

आपल्या घरी मटण म्हणजे अप्पांचं राज्य. मी माळकरी. अंगणातली चूल त्यांची, भांडी त्यांची, पाटा-वरवंटासुद्धा वेगळा. मी फक्त भाकरी थापायची आणि लांबून ताटात टाकायची. या खेपेला मी माळ काढून देवापुढे ठेवली आणि त्या पाट्यावर मीच बसले. देवाशी माझं काय बोलणं झालं ते माझं मी बघेन.

अप्पा बाजेवर बसून सांगत होते. फुटाण्याची डाळ किती, खसखस किती, सगळं डाव्या हाताच्या बोटांनी. मी आपली पुरणाचे गोळे वळते तसे हलक्या हाताने कोफ्ते वळले आणि रश्शात सोडले. सगळे फुटले. पातेल्यात नुसता खिमा फिरायला लागला. ते बघून अप्पा हसले. शिवा, भोगीपासून ते हसले नव्हते. मला धुराचं निमित्त होतं, मी रडून घेतलं.

आता लिहिते. भोगीच्या सकाळी अप्पांच्या हातातून तांब्या पडला आणि ते तिथेच खाली बसले. लकव्याने उजवी बाजू गेली. जावईबापूंनी गाडी करून उदगीरच्या दवाखान्यात नेलं म्हणून ते आज समोर दिसताहेत. तुला संक्रांतीला येऊ नको म्हटलं ते यासाठीच. जावईबापूंना मी शपथ घातली होती. त्या बिचाऱ्याशी भांडू नकोस, माझ्याशी भांड. अप्पांचं बोलणं अजून जड आहे. तू फोनवर ऐकलं असतंस तर तशीच उठून निघाली असतीस, आणि तुझ्या डॉक्टरणीने तुला हलू नको म्हटलंय. आता ते काठी धरून अंगणापर्यंत येतात. डॉक्टर म्हणतात, हातही येईल, वेळ लागेल.

खरं तर आजही सांगणार नव्हते. पण डबा भरताना वाटलं, पोरगी पहिल्या घासालाच ओळखणार की हे अप्पांच्या हातचं नाही. मग तो घास तिच्या घशाखाली उतरायचा नाही.

उरलेल्या खिम्याचे दुसऱ्यांदा वळले ते जमले. अप्पांनी डावी मूठ आवळून दाखवली. खिमा दाबून पाणी काढायचं, तळहाताला तेल लावायचं, घट्ट वळायचं. रश्शात सोडल्यावर पळी घालायची नाही, पातेलं धरून हलवायचं. मीठ मी चाखणार कशी? त्यांच्याच जिभेवर थोडा रस्सा सोडला. बराच वेळ तोंड हलवत राहिले, मग म्हणाले, "घाल… अजून." मी घातलं. जावईबापू नाकाला रुमाल लावून ओट्यावर बसले होते, पण डब्याला फडकं त्यांनीच बांधलं.

डब्यात एक कोफ्ता लांबुळका आहे, वाकडा, बोटांचे ठसे उमटलेला. आईला काही जमत नाही म्हणून बाजूला काढू नकोस. तो अप्पांनी डाव्या हाताने एकट्याने वळलाय. मी मदतीला गेले तर मला हात लावू दिला नाही. म्हणाले, "पोरीला… माझा… एक." उकळत्या रश्शात मी त्याच्याकडेच बघत होते. तो फुटला नाही.

तो आधी खा.

अंघोळ करून माळ पुन्हा गळ्यात घातलेली,
तुझी आई