अठ्ठ्याऐंशीच्या टीमचे गुण

सोमवार, १२ ऑगस्ट २०१९

चौऱ्याहत्तराव्या वर्षी कॉलेजला माझी आठवण झाली! यंदा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलला शंभर वर्षं होतात. सगळ्यांत गुणी टीम कोणती — एकोणऐंशीची, अठ्ठ्याऐंशीची की दोन हजार तीनची — ते मी ठरवायचं. क्रीडा विभागाचा प्रमुख हॅनली म्हणाला, "कोच, तिन्ही टीमचा बचाव तुम्हीच घडवलात. आणि जिवंत असे तुम्हीच उरलात." बोलायची रीतच नाही त्याला. पण खूश झालो. निकाल बारा ऑक्टोबरला, माजी विद्यार्थ्यांच्या मॅचच्या दिवशी.

व्हर्लीनला सांगितलं. ती म्हणाली, "निकाल तर तू आधीच लावलायस. रस्टनची टीम." बायकोपासून काही लपत नाही. आमचा मुलगा रस्टन अठ्ठ्याऐंशीच्या टीममधला.

बुधवार, १४ ऑगस्ट

माळ्यावरून खोकी काढली. मिसिसिपीच्या उकाड्यात शर्ट घामानं चिंब झाला. पण कागद शाबूत! प्रत्येक खेळीला प्रत्येक पोराला अधिक किंवा उणे — मॅचनंतरच्या रविवारी, चर्चहून आल्यावर, फिल्म बघून मी स्वतः मांडलेलं.

आणि चांदण्या! हेल्मेटवर हेल्मेट आदळून डोळ्यांपुढे चांदण्या चमकल्या, तरी जो पुढच्याच खेळीला उभा राहिला, त्याच्या नावापुढे मी लाल पेन्सिलीनं एक चांदणी काढायचो. एका चांदणीला दोन अधिक. कल्पना माझीच, पंचाऐंशीची. पोरं त्यासाठी जीव टाकायची. पुढे कॉलेजनं ती बंद करायला लावली, तेव्हा महिनाभर कुरकुरत होतो मी.

शनिवार, २४ ऑगस्ट

एकोणऐंशीच्या पोरांकडे वेग होता. दोन हजार तीनची पोरं अंगानं रेडे. अठ्ठ्याऐंशीची ना वेगवान ना आडदांड — तरी बेरजेत सगळ्यांच्या वर! एकट्या कलन ओडमच्या नावापुढे एकोणीस चांदण्या. यालाच गुण म्हणतात. मंगळवारी त्याला फोन करायचा.

मंगळवार, २७ ऑगस्ट

फोन कलनच्या बायकोनं घेतला. "तो फोनवर येत नाही, कोच. रिंग वाजली की टेबलाखाली जाऊन बसतो." मग आवाज बारीक करून म्हणाली, "तुमचा फोन आला होता हे मी त्याला सांगणार नाही. तुमचं नाव काढलं की बूट शोधायला लागतो."

बावन्न वर्षांचा माणूस.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

टेरेल मेब्री, चौदा चांदण्या. मार्चमध्येच पुरला म्हणे. मला कुणी कळवलं नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

एकोणऐंशीची पोरं आता साठीच्या पुढची. फोन स्वतः उचलतात, मला शिव्या घालतात, खिदळतात. "कोच, अजून आहात का तुम्ही? देवालाही नको झालात वाटतं!" एकानं गेल्या आठवड्यात पकडलेल्या माशाचं वजन ऐकवलं. थापच असणार.

अठ्ठ्याऐंशीत ज्याला चांदण्या जास्त, त्याच्या घरी फोन बायकोच उचलते.

मला भीती वाटते आहे. लिहूनच टाकलं.

रविवार, ८ सप्टेंबर

आज हिंमत करून रस्टनचा कागद काढला. एकही चांदणी नाही! दोनदा तपासला. जीव भांड्यात पडला.

दुपारी नेहमीसारखा त्याचा फोन. ट्रकचं टायर फुटल्याचं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. व्हर्लीन म्हणाली, "गेल्या रविवारीही हेच सांगत होता." मी खेकसलो तिच्यावर — माणसं सांगतात एकेक गोष्ट दोनदा!

बुधवार, ११ सप्टेंबर

दाढी करताना आठवलं. रस्टनला चांदणी द्यायचीच नाही असं मीच ठरवलं होतं! कोच स्वतःच्या पोराला वर चढवतो, असं कुणी म्हणू नये म्हणून. त्याचा कागद कोरा आहे तो माझ्या हातानं.

म्हणजे त्या कागदाला काही अर्थ नाही. आता फिल्म बघणं आलं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

कॉलेजच्या लायब्ररीत आठवडा गेला. अकरा मॅच. रस्टन तेवीस वेळा आदळून पुन्हा उभा राहिला. कलनपेक्षा चार जास्त.

शेवटच्या मॅचमध्ये तो उठला आणि समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. मी रेषेवरून धावत जातो, त्याचं हेल्मेट धरून त्याला वळवतो, पाठीवर थाप मारून आत ढकलतो. फिल्ममध्ये मी हसतो आहे.

मंगळवार, १ ऑक्टोबर

हॅनलीला सांगितलं — एकोणऐंशी. आणि प्रत्येक चांदणीचे दोन उणे धरायचे. तो हादरला. "कोच, अठ्ठ्याऐंशीचा फलक रंगवून तयार आहे! चांदण्यांचे दोन अधिक हा नियम तुमचाच ना?"

माझाच.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

व्हर्लीन रडली. "रस्टनला डॉक्टरकडे पाठव. माझं तो हसण्यावारी नेतो. तू सांगितलंस तरच जाईल." खरं आहे. जन्मभर मी सांगेन तिथे गेला. बारा तारखेला येतोच आहे, तेव्हा सगळं सांगेन. काही लपवणार नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

रस्टन आला. मॅचला गेलोच नाही. पडवीत बसवून सगळं सांगितलं — तेवीस, कोरा कागद, माझं हसणं. हात जोडले त्याच्यापुढे. तो शांतपणे मान हलवत ऐकत होता. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "इतकं मनाला लावून घेऊ नका, कोच. आता कसा आहे तुमचा मुलगा?"