रिकाम्या हातानं बांधावर

१२ नोव्हेंबर १९८९
न्हाई, माज्या छातीत काई दुखत न्हाई. पित्त हाय ते. मागं हिरीपाशी जरा खाली बसलो तर घरची अजून तोंड बारीक करून बगायलीय. शेंगा जास्ती झाल्या होत्या — बास.
खरी गोष्ट दुसरीच हाय. शेजारचा चंद्रभान हैद्राबादहून छातीत मशीन बसवून आलाय. गळ्याच्या हाडाखाली काडीपेटीएवढं टेंगूळ. काळीज त्याच्यावर चालतंय म्हणं! अन् आठ दिस झाले, रोज उजाडायला आमच्या दोघांच्या बांधावरून फिरायलाय, पार माज्या आखाड्यापर्यंत, म्हंजे शेतातल्या खोपीपर्यंत, जिथं मी रातचा झोपतो. हातात विळा न्हाई, दोरी न्हाई, तांब्या बी न्हाई. रिकाम्या हातानं बांधावर कोण फिरतं? ज्याला जमीन मोजायची तो!

१५ नोव्हेंबर
इचारलंच. म्हणला डॉक्टरनं रोज चालायला सांगितलंय, मीठ कमी, तंबाखू बंद. मी म्हणलो, चालायला सडक हाय की. तर हसला. "सडकंवर तुमी कुटं दिसता, व्यंकटराव?"
म्हंजे माज्यावर नजर ठेवायलाय.

१७ नोव्हेंबर
हीर दोघांत. पण हा आता मोटरच्या स्टार्टरला हात लावत न्हाई. लांब उभा राहतो, मलाच चालू करायला लावतो. मशीनला करंट बाधतो म्हणं. उद्या म्हणंल हीर बी वाटून घ्या.

१९ नोव्हेंबर
घरी गेलो तर चंद्रभान वसरीत बसून घरचीबरुबर बोलायलाय. मला बगून दोघं गप. कामून? घरची म्हणली, मीठ कमी टाकत जा म्हणले ते. वरण सपक कामून लागायलंय ते आत्ता कळलं! माज्या वरणाशी ह्याचं काय काम?

२० नोव्हेंबर
बांधाच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड हाललाय. हातभर तरी.

२१ नोव्हेंबर
बाभळीच्या फांद्या तोडल्या अन् बांध बंद केला. एकट्यानं वढल्या. डावा हात लय भरून आला. कामानं येतोच.

२४ नोव्हेंबर
आता काट्यापाशी उभा राहून हाक मारतो — "उठलाव का?" मी आखाड्यातूनच वरडतो, उठलोय, जा. की जातो. रोज हेच. डोकं फिरलंय ह्याचं.

२७ नोव्हेंबर
हाक. उठलोय, जा.

४ डिसेंबर. परभणी, दवाखाना
पेन्सिल नर्सबाईची हाय. पडून लिहायलोय.
अठ्ठावीसला सकाळी त्यानं हाक मारली, मी वो दिली न्हाई म्हणं. आखाड्यात आडवा पडलो होतो. चंद्रभाननं जीप आणली. घरची रडत म्हणली, "मीच त्यास्नी म्हणले होते, तिकडूनच फिरत जा, हे एकटेच झोपतेत."
डॉक्टरनं मला बी सांगितलंय — मीठ कमी, रोज चालायचं, हातात वजन घ्यायचं न्हाई.
चंद्रभान स्टुलावर बसलाय. दोन्ही पायाला पट्ट्या. नर्सबाईनं इचारलं, काय झालं हो. म्हणला, "शेतात काटे असतेतच."
माज्याकडं बगितलं न्हाई त्यानं.
बास. पुढचं लिहिणार न्हाई.