बिल्डिंगचं पाणी

१२ डिसेंबर

सासऱ्यांनी आज गटार बुजवलं! सकाळीच पहार घेऊन गेले, बांधापाशी दगड लोटले, वर मातीची पोती. शेजारच्या बिल्डिंगचं सगळं सांडपाणी आमच्या वाडीत उतरतं — काळं, फेसाळ. बांधालगतचा मोगरा पिवळा पडून मेला. "आता बसू दे त्यांना आपल्या घाणीत!" मलाही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१३ डिसेंबर

बरं वाटणं एका दिवसाचंच. पाणी तुंबून बिल्डिंगच्या तळमजल्यात शिरलं. सेक्रेटरी हितेशभाई दारात, मागे ही गर्दी. "काका, पोलिसांत जाऊ!" सासरे म्हणाले, "जा ना. गटार कोणाच्या जमिनीत हाय ते आमी बी सांगू."

गर्दीत तळमजल्यावरच्या गोजराबाई होत्या. मुलगा बोईसरला कारखान्यात. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. भांडल्या नाहीत. "शिलेंडरपातुर पाणी आलंय बघा. सुनेला नववा लागलाय."

संध्याकाळी मीच दगड काढले. सासरे नुसते बघत उभे. मग म्हणाले, "आता वाडी इकू. बिल्डर रोज फोन करतो."

१५ डिसेंबर

वाडी विकायची नाही. पाणी अडवायचंही नाही — साफ करून घ्यायचं! लग्नाआधी मी कारखान्याच्या सांडपाणी प्लँटवर लॅबमध्ये होते, तेव्हा आम्ही हेच तर करायचो. तिथे यंत्रं होती. इथे खडी आणि कर्दळ पुरेल. आधी टाकीत गाळ खाली बसू द्यायचा. मग वरचं पाणी खडीच्या वाफ्यातून सावकाश जाऊ द्यायचं. कर्दळीच्या मुळांशी जिवाणू वाढतात, घाण तेच खातात.

धीरजला सांगितलं. नवरा असून हसला नाही! एवढंच विचारलं, "बाबांना तू सांगणार की मी?"

१६ डिसेंबर

मीच सांगितलं. "दुसऱ्याचा गू आपल्या वाडीत पोसायचा?" ताट सरकवून उठले.

२ जानेवारी

बिल्डिंगच्या गच्चीवर मीटिंग. एवढ्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बोलले. "मच्छर होतील मॅडम." — पाणी खडीच्या खाली राहतं, वर दिसतच नाही. "वास?" — आत्ता येतोय त्याहून जास्त नाही! लोक हसले. "आणि नाहीच जमलं तर?" म्हटलं, तर मी स्वतः गटार उपसेन. मागून गोजराबाई म्हणाल्या, "माझा हात वर हाय बाई." मग एकेक करत सगळेच हात.

टाकी सोसायटी बांधणार, जागा आमची. पण जागा तर सासऱ्यांची!

३ जानेवारी

सकाळी उठून बघते तर सासरे मेलेला मोगरा उपटत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इथंच खण. याच्या पुढं एक वीत बी नाय."

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं आणि सगळी बिल्डिंग वाडीत! टाकी बांधून झाली होती, आता वाफा — खाली जाड प्लास्टिक, त्यावर खडी. घमेली हातोहात. मासवणच्या मावशीने कर्दळीचे कंद पोतं भरून पाठवले होते. घरी सून बाळंतीण, तरी गोजराबाई लावायला आल्या. सासरे बांधावर बसून ओरडत होते, "एवढं दाट नको! फुटव्याला जागा ठेवा!" माझ्याकडे न बघणाऱ्याला सगळं दिसत होतं.

२० फेब्रुवारी

बाहेर येणारं पाणी अजून गढूळ. हितेशभाई बघून तसेच माघारी फिरले. तेच जास्त लागलं.

२४ फेब्रुवारी

सापडलं!! बादलीभर पाण्यात लाल रंग कालवून वाफ्याच्या तोंडाशी ओतला. आत दोन-तीन दिवस मुरायला हवा — आणि चहा होईपर्यंत बाहेर! म्हणजे पाणी मधल्या मुळांकडे जातच नाही, एका कडेने पळतंय. आता तोंडाशी आडवा पाइप टाकायचा, त्याला भोकं पाडायची. पाणी सगळ्या रुंदीत सारखं पसरेल. धीरज ड्रिल घेऊन बसलासुद्धा.

२९ मार्च

पाणी स्वच्छ! काचेच्या बाटलीत धरलं तर पलीकडची केळ दिसली. नमुना लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीकडे, दिशाकडे, दिला होता. तिचा फोन — "समिधा, कुठला प्लँट गं हा?" म्हटलं, "आमची वाडी!" तिने सांगितलं, फुलांना, केळीला खुशाल सोडायचं. पालेभाजीला आणि प्यायला मात्र नाही.

सासऱ्यांनी ओंजळीत घेऊन वास घेतला. "वास नाय." पुन्हा घेतला. "नाय." तिसऱ्यांदा ओंजळ भरली. पाणी तसंच हातात धरून उभे राहिले.

मी चुलीमागे जाऊन रडले. आनंदाने रडतात ते असं!

१४ एप्रिल

कर्दळ माझ्या खांद्याला आली. लालभडक. बिल्डिंगच्या बायका फोटो काढायला येतात.

१० मे

बिल्डिंगला टँकर आला नाही. नळही कोरडे. हितेशभाई बांधावर आले, बराच वेळ कर्दळीकडेच बघत होते. मग हळूच — "काका, संडासात ओतायला तुमचं पाणी मिळेल?"

सासरे उठले, साफ पाणी साठतं त्या हौदावरच्या पंपाचं बटण दाबलं.

"तुमचंच हाय ते. न्या."

दुपारभर पाइप चालू होता. वाडीही भिजली, बिल्डिंगही. आज मी जेवताना तीनदा भात घेतला.

१७ मे

सरपंचपद यंदा बाईसाठी राखीव. सासरे गावच्या बैठकीतून आले, टोपी काढली, पाणी मागितलं. मग म्हणाले, "तुझं नाव सांगून आलो."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. विचारलं — "गावात उघडी गटारं कुठं कुठं आहेत?"

"चल, दाखवतो." पुन्हा टोपी घातली.