न चिरणारी भाकर

देवगाव रंगारी,
शनिवार

तीर्थस्वरूप आत्याबाई,

सासूला पत्रात तीर्थस्वरूप लिहायचं असतं म्हणून लिहिलं. मनातून मी ‘प्रिय आत्याबाई’ असंच लिहिलं आहे, तुम्हीही तसंच ऐका. तुम्हाला अक्षर येत नाही, म्हणजे पत्र तुमचा लेकच वाचून दाखवणार. तेव्हा आधी त्यांना सांगते, की गिरणी बंद करा, हात धुवा आणि आईच्या समोर बसून वाचा. मधली एकही ओळ गाळायची नाही आणि स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. तुमची सवय मला चांगली ठाऊक आहे.

आत्याबाई, मी घाबरले आहे. माझ्या अंगावरच्या फोडांची भीती आता जुनी झाली, तिच्याशी घरोबा झाला म्हणा ना. आता माझ्या लेकीसाठी, आवडीसाठी भीती वाटते. तिच्यासाठीच लिहिते आहे, पण एकदम तिचंच लिहायला जमत नाही. म्हणून मागून सुरुवात करते, जरा धीराने ऐका.

लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी तुम्ही मला भाकरी करायला बसवलं होतं, आठवतं? माहेरून आणलेल्या पिठाची माझी भाकर तव्यावर टाकता टाकता कडेनं चिरली. तुम्ही हसून म्हणालात, “देवगावची भाकर दिसती. आमच्याकडं गिरणीवाल्यांच्या घरात भाकर चिरत नाय.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आठ-पंधरा दिवसांत, ते पीठ संपल्यावर, माझीही भाकर तुमच्यासारखी झाली, गोल, मऊ, कड न फाटलेली. आपल्या शहागंजातल्या बायका बघायला यायच्या. मला वाटलं, सासूनं हाताला वळण लावलं. तुम्हालाही तेच वाटलं. दोघी किती खुशीत होतो.

आवडी झाली आणि पुढच्या वर्षी मला ते सुरू झालं. कोपरांवर, गुडघ्यांवर, बसायच्या जागी बारीक पाण्याचे फोड. खाज अशी, की रक्त निघेपर्यंत हात थांबायचा नाही. तुम्ही कडुनिंबाचा पाला वाटून लावलात, पीराच्या दर्ग्यावरचा दोरा बांधलात, माझी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढलीत. मोठ्या दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला, गोळ्या दिल्या. मी पोळी सोडली. सणावारी पुरणाची पोळी घरभर दरवळायची आणि मी कोपऱ्यात भाकर-पिठलं खायची. तरी फोड काही जाईनात. गोळी घेतली की बरं, चुकली की पुन्हा तेच. तुम्ही म्हणालात, “गव्हानं कुठं कुणाला काही झालंय व्हय? डागदरला काय कळतंय.” मलाही ते पटलं, कारण गहू सोडूनही काहीच बदललं नव्हतं.

मग शेजारच्या वच्छलाबाई डाळ उसनी मागायला आल्या आणि त्यांना फळीवरच्या गोळ्या दिसल्या. त्यांच्या माहेरी कुणाला तरी त्याच गोळ्या सरकारी माणूस घरी आणून द्यायचा. रक्तपितीच्या, महारोगाच्या. पुढचं लिहीत नाही. तुम्ही माझं ताट वेगळं केलंत, पण त्या ताटात तूप माझ्याच भाकरीवर जास्त वाढत होतात, तेही मी पाहिलं आहे. तुम्ही रडत होतात आणि हे गिरणीत जाऊन पट्ट्याच्या आवाजात रडत होते. मला कुणी घालवलं नाही. मीच निघाले. आवडी रात्री माझ्या कोपराला गाल लावून झोपायची, ते मला सहन होईना. तिला लागू नये म्हणून तिला तुमच्या कुशीत टाकून आले. एसटीत बसल्यावर मी खिडकीकडे तोंड केलं ते देवगाव येईपर्यंत.

इथं आईकडे शेतातली ज्वारी आहे आणि गावच्या गिरणीला वीज नसते, म्हणून आईचं जातं अजून चालू आहे. मीच दळायची. दुसरं काय काम होतं मला? हळूहळू फोड वाळले. गोळ्या संपल्या तरी नवीन आले नाहीत. आई म्हणाली, ग्रामदेवी पावली. माझी भाकर मात्र पुन्हा चिरायला लागली, पहिल्या दिवसासारखी. मला वाटलं, दुःखानं हात बिघडला.

आणि मग दिवाळीनंतर तुम्ही ह्यांच्या हाती पिठाचा डबा पाठवलात. ‘सारजाला म्हणावं, जात्यानं हात दुखतील, गिरणीत खास तिच्यासाठी ज्वारी दळली,’ असा निरोप होता. आत्याबाई, त्या निरोपानं मी ओसरीत बसून रडले. त्याच पिठाच्या भाकरी केल्या. काठवटीत पीठ मळताना ते हाताला चिकटून आलं, गोळा तुटेना. भाकर थापली तर कड अखंड. आई कौतुकानं म्हणाली, “बाई, किती चिवट पीठ हाय, फाटतच नाय.” डबा संपायच्या आत माझ्या दोन्ही कोपरांवर फोड आले. आईचा संशय थेट जावयावर, त्यांचीच दृष्ट लागली म्हणून तिनं त्यांच्या नावानं मिरच्या जाळल्या. वाचणाऱ्यानं इथं थोडं हसून घ्यावं, पुढं हसण्यासारखं काही नाही.

माझं मन त्या चिवट पिठाशी अडलं; नुसत्या ज्वारीला असा चिकटपणा नसतो. मग आपली गिरणी डोळ्यांपुढे आली. सकाळपासून गल्लीचा गहू, मधेच कुणाची ज्वारी, पुन्हा गहू. दगडात आणि तोंडाच्या कापडी नळीत सगळ्यांचं थोडं थोडं अडकतं. संध्याकाळी नळी झटकून जे निघतं ते आपल्या घरचं. मामंजी म्हणायचे ना, सगळं शहागंज आपल्या ताटात जेवतं, गिरणीवाल्यानं दळण विकत घ्यायचं नसतं. आपली ज्वारी कधी नुसती ज्वारी नव्हतीच. भाकर चिरत नव्हती ती गव्हामुळे. तुमच्या हाताचा गुण नव्हता आणि माझ्याही नव्हता. यात कुणाचा दोष नाही, आत्याबाई. साऱ्या गिरणीवाल्यांच्या घरी हेच खातात आणि धडधाकट असतात. माझंच रक्त वेगळं निघालं.

आता आवडीचं. डबा द्यायला आले तेव्हा हे सहज म्हणाले, की पोरगी हल्ली कोपरं खाजवते, तुम्ही पाला लावता. पोट सारखं बिघडतं, वाळली आहे, शाळेत सगळ्यांत पुढं उभी करतात एवढी लहान दिसते. आईची आठवण काढते म्हणून असेल, असं म्हणून त्यांनी चहा घेतला. मी चुलीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, झालं. मी पळून आले तरी लागलंच तिला. माझ्या कोपराला गाल लावून झोपायची ती.

दादाला सगळं सांगितलं. तोही घाबरला, पण गुरुवारी मला घेऊन शहरात आला. त्याच डॉक्टरांना भेटलो. मी रडत विचारलं, माझ्या लेकीला मी रक्तपिती दिली का? मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी दोनदा नीट सांगितलं. ही रक्तपिती नाही. गोळी तीच असते, रोग निराळा. तो गव्हानं उठतो, गिरणीत मिसळतो तेवढा गहूही त्याला पुरतो. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, कुशीत झोपल्यानं कुणाला होत नाही. पण रक्तातून लेकराला येऊ शकतो. आणि लेकराला तो नुसता कातडीचा राहत नाही, आतून आतडं झिजवतो, खाल्लेलं अंगी लागू देत नाही. मग पोर कितीही खाऊ घातलं तरी वाळत जातं. हे ऐकून दादा उठून बाहेर गेला.

तिथून मी शहागंजात आले होते. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आपल्या गिरणीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, कापडवाल्याच्या पायरीला टेकून उभी होते. तुम्ही उंबऱ्यात बसला होतात. आवडी तुमच्या मांडीला टेकून उभी. तुम्ही पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी करून तिला घास घास भरवत होतात आणि ती चौकटीच्या कडेला कोपर घासत होती. खाता खाता घासत होती. मला ओरडायचं होतं. पण तुमचा चेहरा बघितला आणि पायरीला धरून तिथंच उभी राहिले. पोलीस ॲक्शनच्या वर्षी एवढ्याशा वयात लग्न होऊन आलात, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलीत, रेशनची ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी पोरांच्या तोंडात घालताना शपथ घेतलीत की घरात चार दाणे आले तर नातवंडांना रोज गव्हाची पोळी घालीन. हे तुम्ही मला कितीदा सांगितलं आहे. ती पोळी तुमच्या हातातून मी भर रस्त्यात कशी हिसकावू? आणि हिसकावली असती तर तुम्ही तरी ऐकलं असतं का, ताट वेगळं केलेल्या सुनेचं? मी तशीच मागे फिरले. तेव्हापासून डोळा मिटला की ती कोपर घासताना दिसते.

म्हणून हे पत्र. दादा उद्या शहरात येतो आहे, त्याच्या हाती देते. सोमवारी सकाळी आवडीला मोठ्या दवाखान्यात घेऊन या. ह्यांच्याबरोबर नुसती पाठवू नका, तुम्ही स्वतः या, कारण ती जेवते तुमच्या हातनं आणि ऐकते तुमचं. सोमवारपर्यंत तिचं खाणं बदलू नका, पोळी मागितली तर पोळीच द्या. आधी बघू द्या, तपासायच्या आत बंद केलं तर कळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. हे दोन दिवस मी कसे काढीन ते माझं मला माहीत. मी फाटकापाशी उभी असेन. लांब उभी राहणार नाही, तिला जवळ घेणार आहे, तेव्हा मला अडवू नका. तपासून झालं की तिथंच लिंबाच्या झाडाखाली बसू. तुम्ही घरून काही बांधून आणू नका. जात्यावर दळलेल्या ज्वारीची भाकर मी आणीन. ती कडेनं चिरलेली असेल, आत्याबाई. या वेळी तिला हसू नका. तुमच्याच हातानं आवडीला भरवा.

तुमचीच,
सारजा