ती उत्तरं मुलांची नव्हती

प्रिय सुमनताई,

शाळेत मी तुम्हाला मॅडम म्हणायची आणि स्कुटीवर मागे बसलात की ताई. आज ताईच लिहिते. मॅडम म्हणायला तोंड उरलेलं नाही.

तुम्हाला जाऊन वर्ष व्हायला आलं आणि मी आता कागद घेऊन बसले आहे. इतके दिवस काय करत होतीस, असं तुम्ही विचारणार नाही, पण मीच विचारते. काही नाही. तोंड लपवत होते.

परवा पुण्याहून परत आले. नवा अभ्यासक्रम आला, पुस्तकं बदलणार, म्हणून राज्यभर घेतल्या जाणाऱ्या चाचण्याही त्याला धरून बदलायच्या आहेत. त्या चाचण्यांचे प्रश्न तयार करायला चार दिवसांची कार्यशाळा होती आणि आपल्या केंद्रातून माझं नाव गेलं होतं. तालुक्यात दोनच नावं, त्यातलं एक माझं. सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. मी नवी साडी घेतली. हसू नका.

तिसऱ्या दिवशी तिथल्या तज्ज्ञ सरांनी पडद्यावर एक प्रश्न दाखवला. चांगला प्रश्न कसा असावा, याचा नमुना म्हणून. ताई, तो आपला पोहण्याच्या तलावाचा प्रश्न होता.

आठवतो ना? तलावाचं वेळापत्रक, आडव्या ओळीत वार, उभ्या ओळीत मुलींची वेळ, मुलांची वेळ, शिकाऊंची वेळ. नेहाची शाळा बारा वाजता सुटते, तिला पोहता येत नाही, तर तिने कोणत्या वारी आणि किती वाजता जावं? तुम्ही जाण्याआधीच्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा आपल्या शाळेत आला होता. नवे प्रश्न सगळीकडे पाठवण्याआधी मोजक्या शाळांमध्ये देऊन बघतात, त्यात आपली दोनशिक्षकी शाळा निवडली गेली होती. पहिली-तिसरी माझ्याकडे, दुसरी-चौथी तुमच्याकडे. तिसरीला आणि चौथीला पेपर वेगळे, पण हा एक प्रश्न दोन्हींत सारखाच ठेवलेला.

पाकिटावर स्पष्ट लिहिलं होतं की यावरून शाळेची श्रेणी ठरणार नाही, मुलांना येईल तेवढंच लिहू द्यावं, येत नसेल तिथे जागा कोरी सोडू द्यावी. तुम्ही मला ते मोठ्याने वाचून दाखवलंत. मी हो म्हटलं आणि माझ्या वर्गात गेले.

अर्ध्या तासाने तिसरीच्या मुलांचे चेहरे बघून मला धडकी भरली. आपल्या शाळेचा पेपर पुण्याला जाणार आणि सगळा कोरा? मी उत्तरसूची काढली आणि एकेक उत्तर फळ्यावर लिहिलं. सवय होती. दरवर्षीच्या चाचणीला केंद्रातल्या बहुतेक शाळांत हेच चालतं, हे तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही तेवढं कधी केलं नाहीत आणि दुसऱ्यांना कधी बोललाही नाहीत. प्रत्येक प्रश्नापुढे शिक्षकांच्या शेऱ्यासाठी रकाना होता. त्यात मी वरपासून खालपर्यंत एकच लिहिलं, अडचण नाही.

तुम्ही मात्र डबा खायला बसल्यावर कोलामांच्या वस्तीतल्या मुलांचं सांगत हसत होतात. "वैशाली, पोडावरची ती पोरं. तलावाचा टाइम वाचला अन् मलेच विचारते, मॅडम, पोहाले टाइम कायले पाह्यजे?" मीही हसले. माझ्या पाकिटात तिसरीच्या अठराही मुलांची सगळी उत्तरं बरोबर होती आणि मी तुमच्याबरोबर भाकरी खात हसत होते.

पुण्यात सरांनी प्रश्नाखाली त्याची नोंद दाखवली. शाळेचं नाव नव्हतं. एकाच खेड्यातल्या शाळेत तिसरीच्या सगळ्या मुलांना हा प्रश्न जमला, चौथीच्या बहुतेकांनी कोरा सोडला. शेजारी चौथीच्या शिक्षिकेचा शेरा, तुमच्याच अक्षरात: 'मुलांना पाणी माहीत आहे, तक्ता माहीत नाही. हे आधी पुस्तकात येऊ द्या, आम्हाला शिकवायला वेळ द्या, मग विचारा.' तुमचा तो लांब शेपटीचा ळ मी कुठेही ओळखला असता.

सर म्हणाले, "तिसरीला येतं आणि चौथीला येत नाही, म्हणजे दोष प्रश्नाचा नाही. कधीकधी शिक्षक आपलं अपयश प्रश्नावर ढकलतात. म्हणून हा शेरा आपण विचारात घेतला नाही आणि प्रश्न ठेवला. असेच आणखी करायचे आहेत."

सभागृहात सगळ्यांनी माना डोलावल्या. ताई, मीही डोलावली.

उठून एवढंच म्हणायचं होतं की सर, ती उत्तरं मुलांची नव्हती. हात वर करायला किती वेळ लागतो? चहाची सुट्टी झाली, मी रांगेत उभी राहून चहा घेतला, बिस्कीटही खाल्लं. नंतर दिवसभर आमच्या गटाने तसलेच आणखी सहा प्रश्न तयार केले. एक विमानतळाच्या फलकाचा होता. तो मीच सुचवला.

पण हे काही माझं पहिलं गप्प बसणं नव्हतं. तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही.

त्या पूर्वचाचणीनंतरच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी सगळ्या शाळांसमोर मला उभं केलं. गुलाबाचं फूल दिलं, प्रमाणपत्र दिलं. मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, रिटायरमेंट जवळ आली म्हणून शिकवणं बंद नाही करत कोणी. तुमच्याच शाळेतल्या ज्युनिअर मॅडमकडून शिका थोडं." मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, "हो सर. शिकतो."

परतताना वारा होता. तुम्ही मागे बसून माझं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, दुमडू नये म्हणून. घाटंजी येईपर्यंत. घरापाशी उतरून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "फ्रेम करून घे व." मी ते फ्रेम केलं. अजून बैठकीत आहे. होतं, म्हणायला हवं. आज सकाळी काढलं.

आणि दुसऱ्या आठवड्यात जे झालं, ते तर मी कालपर्यंत ह्यांनाही सांगितलं नव्हतं. मधल्या सुट्टीत तुम्ही वही-पेन घेऊन माझ्या वर्गात आलात. मुलांच्या बाकावर बसलात. "वैशाली, मले एक सांग. हे तक्ते तू पोरायले कसे शिकवले? माह्या वर्गात काही केल्या समजून नाही राह्यलं. लपवू नको, मले खरंच शिकाचं हाय."

तेव्हा सांगता आलं असतं. वर्गात आपण दोघीच होतो. तुम्ही चिडला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि मी काय केलं? मी पद्धत तयार केली. उभ्या जागी, तुमच्या तोंडाकडे बघत. "रंगानं शिकवलं ताई. आडव्या ओळीले एक रंग, उभ्या ओळीले दुसरा. दोन रंग जिथं भेटते, तिथं उत्तर." तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत. खाली रेघ मारलीत. मला विचारलंत, आधी आडवी का आधी उभी? मी म्हटलं, आधी आडवी.

बाजाराच्या दिवशी तुम्ही रंगीत खडूंचा डबा आणलात. आठवडाभर चौथीच्या फळ्यावर लाल-पिवळ्या रेघा होत्या. मग एक दिवस स्कुटीवर म्हणालात, "पोरं रंगच पाहत बसते. माह्या हाताले नाही जमत तुह्यावानी." पस्तीस वर्षं शिकवलेली बाई मला हे म्हणत होती. मी आरशात तुमच्याकडे बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला.

ताई, मला लाज वाटते. यापुढे जे लिहीन त्यात हे वाक्य पुन्हा लिहीत बसणार नाही, पण ओळीओळीत ते आहे असं समजा.

जूनमध्ये माझी तिसरी चौथीत गेली, म्हणजे तुमच्याकडे आली. तीच मुलं, ज्यांना सगळं जमलं होतं. पहिल्याच आठवड्यात तुमच्या लक्षात आलं असणार की त्यांना तक्ता म्हणजे काय हेही माहीत नाही. त्यांना विचारलं असेल, तर त्यांनी सरळ सांगितलं असेल. पोरं काही पोटात ठेवत नाहीत. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. रोज सकाळी तशाच मागे बसत होतात, तशीच पिशवी मांडीवर.

काहून नाही बोलल्या ताई? एकदा तरी स्कुटी थांबवायला लावून थोबाडीत द्यायची होती. जुलैत तुम्हाला वरून नोटीस आली, वर्गाची गुणवत्ता कमी का, याचा खुलासा करा म्हणून. त्या खुलाशात माझं नाव लिहिलं असतंत तर सुटला असतात. तुम्ही एकच वाक्य लिहिलंत. माझ्या वर्गातील मुलांनी त्यांना जे येत होतं ते लिहिलं. ते टाइप करायला तुम्ही माझ्याकडेच दिलंत. मी टाइप केलं, एक चूक झाली होती ती सुधारली, आणि प्रिंट काढून दिली.

त्याच महिन्यात तुम्ही घाटंजीच्या बसस्टँडवर उभ्या राहून एसटीचं वेळापत्रक जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून आणलंत. खिडकीतून मला तुमचा आवाज यायचा. "पूनम, बाजार करून तुले मामाच्या गावाले जाचं हाय. दोन वाजता मोकयी झाली. सांग, कोणती गाडी?" पूनम कोलाम पोडावरची, वर्गात तोंड उघडायची नाही. ती म्हणायची, "पाय पाय जाईन." आणि तुम्ही म्हणायच्या, "जाशीन, पण पाऊस हाय. मंग?" रोज. मला वाटायचं, एवढं कशाला चाललंय हिचं? मग पोळ्याच्या दोन दिवस आधी सकाळी तुमच्या यजमानांचा, दादांचा फोन आला. तुमच्या छातीत दुखलं, यवतमाळला नेता नेता वाटेतच. मी स्कुटीची चावी हातात घेऊन उभी होते, तुम्हाला घ्यायला निघायची.

तुमच्यानंतर चारही वर्ग माझ्याकडे आले. मुख्याध्यापकाचा प्रभारही. मार्चअखेर राज्याची चाचणी आली आणि त्यात तो तलावाचा प्रश्न होता. तिसरीलाही, चौथीलाही. एकाच खोलीत डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. मी नेहमीप्रमाणे वेळ जाऊ दिली, उत्तरसूची काढली, खडू घेतला आणि फळ्याकडे वळले.

मागून आवाज आला, "मॅडम, लिहू नका."

पूनम होती. मान खाली, बोट तक्त्यावर. "थांबा, मले येते." शेजारच्या दोघी हळूच म्हणाल्या, "आमालेबी." चौथीची सगळी डोकी पेपरात होती. काहींचं चुकलं, नंतर मी पाहिलं. एका मुलाने नेहाला रविवारी पाठवलं, रविवारी तलाव बंद असतो. पण जे लिहिलं होतं ते त्यांचं होतं. पूनमचं बरोबर होतं.

मला वाटलं, तुम्हाला फोन करून सांगावं. मग आठवलं. आणि मग मी डावीकडे बघितलं. तिसरीची मुलं पेन्सिली खाली ठेवून फळ्याकडे बघत होती. ती माझी. मीच शिकवलेली. त्यांना काहीच विचारावं लागलं नाही, त्यांना माहीत होतं काय होणार ते.

आणि ताई, त्यांच्यासाठी मी लिहिलं. पूनमचं ऐकल्यावरसुद्धा. सगळी उत्तरं, मोठ्या अक्षरात.

हे सगळं काल ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "गेलेल्या माणसाले आता काय फरक पडते? कायले आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यली?" खरं सांगते, मलाही क्षणभर तेच वाटलं. नोटीस येईल, कदाचित वेतनवाढ थांबेल, केंद्रातले लोक बोलणं सोडतील, कारण मी माझं सांगितलं की त्यांचंही निघेल. पण फरक पडतो. तुमच्या फाइलमध्ये अजून लिहिलेलं आहे की तुम्हाला शिकवता येत नव्हतं. ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्या खडूने लिहिलं गेलं. त्या खोट्यावर आता नवे प्रश्न उभे राहतायत, ज्यांची पुस्तकं अजून मुलांच्या हातात पडलेली नाहीत.

आज दुपारी मी दादांकडे जाऊन आले. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. दादा खाली बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तिनं मले कधीच नाही सांगतलं व. मले म्हणे, वैशाली लई मेहनती हाय, तिच्याजोळून शिकून राह्यली मी." एवढं बोलून ते पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तर ताई, मी काय करणार ते ऐका. पुण्याच्या सरांना पत्र लिहून झालं आहे, माझं नाव, शाळेचं नाव, सही. उद्या टपालात पडेल. तुमचा शेरा बरोबर होता आणि तो पुन्हा वाचा, एवढं त्यात लिहिलं आहे. केंद्रप्रमुखांना शनिवारच्या परिषदेत सगळ्यांसमोर सांगेन, कारण तुम्हाला बोललेलंही सगळ्यांसमोरच होतं. आवाज फुटला नाही तर वाचून दाखवेन, पण खाली बसणार नाही.

आणि मंगळवारी पुन्हा नव्या प्रश्नांची पूर्वचाचणी आहे, आपल्याच शाळेत. पाकिटं येऊन पडली आहेत. या वेळची तिसरी फळ्याकडे बघेल, तेव्हा फळा पुसलेला असेल. मुलं रडतील, जागा कोऱ्या राहतील, राहू देत. कोऱ्या जागा बघूनच मला कळेल कुठून सुरुवात करायची, आणि मग शिकवायला माझ्याकडे अख्खं वर्ष आहे.

तुमची,
वैशाली